सासू-सासऱ्यांना घेऊन रेनेसाँ फेअरला जावं का? (अपडेट: जाऊन आलो, वृत्तांत खाली)

कोथिंबीरवडी (शुक्रवार, रात्री १०:१२)

लोकहो, एक सल्ला हवाय. आम्ही नॉर्दर्न व्हर्जिनियात असतो. सांगलीहून सासू-सासरे आलेत सहा महिन्यांसाठी, त्यातले दोन संपले. डीसीची म्युझियमं झाली, नायगारा झाला, मंडळाचे गणपती झाले, आता बाबा रोज सकाळी खिडकीत उभे राहून शेजाऱ्याच्या लॉनमोवरच्या पात्याला धार कशी नाहीये ते मला सांगतात. लेकीच्या (वय ९) वर्गातल्या पोरी मेरीलँडच्या रेनेसाँ फेअरला (जुन्या इंग्लंडातल्यासारखी जत्रा, राजा-राणी, सरदार, सगळे त्या काळच्या वेशात) जाऊन आल्यात आणि तेव्हापासून घरात "परीचे पंख" हा एकच विषय. धाकटा ४ वर्षांचा, त्याला तलवार पाहिजे, कुठलीही.

नवरा म्हणतो दिवसभर धुळीत चालायचं, त्यात ते इंग्रजी जुन्या काळातलं, आपल्यालाच कळत नाही तर आई-बाबांना काय कळणार, त्यापेक्षा आउटलेट मॉलला जाऊ. बाबांना आउटलेट मॉल दोनदा दाखवून झालाय. दोन्ही वेळा ते बाकावर बसले होते.

तर प्रश्न: सत्तरीच्या माणसांना झेपतं का? आई पूर्ण शाकाहारी, त्यांना खायला काय? आणि तिकडचे जोक्स चावट असतात म्हणे, सासऱ्यांच्या शेजारी बसून ऐकण्यासारखे असतात का? नीट सांगा, टवाळी नको. (गेंड्या, तुला उद्देशून.)

झोपाळू_गेंडा (शुक्रवार, रात्री १०:१५)

मी अजून काहीच बोललो नाहीये 😇

बाल्टिमोरकर (शुक्रवार, रात्री ११:०३)

जा, बिनधास्त जा. आम्ही आठ-नऊ वेळा गेलोय, एकदा माझी आई पण होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. १९७७ पासून भरतंय, क्राउन्सव्हिलच्या जागेवर १९८५ पासून, अ‍ॅनापोलिसच्या अलीकडे. ऑगस्टच्या शेवटी चालू होतं ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत, शनिवार-रविवार. तिकीट तारखेचं असतं आणि ते आधी ऑनलाइन काढायचं, गेटवर मिळेल या भरवशावर पोरं गाडीत घालून निघू नका.

जागा झाडीत आहे, त्यामुळे सावली भरपूर पण जमीन कच्ची, मुळं वर आलेली, त्यामुळे बाबांना बूट घालायला लावा, चपला नको. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर चिखल गृहीत धरा. स्ट्रोलर नेणार असाल तर मोठ्या चाकांचा. आणि सकाळी दहाला गेट उघडतं तेव्हा तिथे असा, बाराला निघालात तर शेवटचे दोन-तीन मैल ब्रेकवर पाय ठेवूनच जातील, सगळ्या जगाला एकाच रस्त्याने तिकडे जायचं असतं.

इथे राजा म्हणजे आठवा हेन्री, तो सहा लग्नवाला. गंमत अशी की गोष्ट दर वर्षी पुढे सरकते, म्हणजे कुठल्या वर्षी गेलात त्यावर राणी कोण ते ठरतं. आम्ही गेलो त्या एका वर्षी अ‍ॅन बोलेन अगदी खुशीत सगळ्यांना हात करत फिरत होती आणि माझी मुलगी हळूच म्हणाली, बाबा हिला कुणी सांगितलं नाहीये का अजून.

आणि जाउस्टिंग चुकवू नका. घोडे, भाले, चिलखतं. मेरीलँडचा अधिकृत राज्य खेळच आहे तो, १९६२ पासून. म्हणजे राज्यात खेळतात ती रिंगवाली जाउस्टिंग, धावत्या घोड्यावरून टांगलेली कडी भाल्याच्या टोकात अडकवायची. फेअरमध्ये मात्र एकमेकांवर धावून जाणारी असते, पोरांना तीच आवडते.

टेक्सासचा_तात्या (शुक्रवार, रात्री ११:२०)

मेरीलँड वगैरे ठीक आहे पण खरी जत्रा बघायची तर ह्यूस्टनला या 😎 टॉड मिशन नावाच्या गावात, १९७४ पासून. ऑक्टोबर-नोव्हेंबर. दर वीकेंडला वेगळी थीम, समुद्री चाचे काय, व्हायकिंग काय, लोक तंबू ठोकून राहतात. आणि ज्याने ही जत्रा सुरू केली त्यानेच ते गाव पण केलं आणि वर्षानुवर्षं तोच मेयर होता. आपल्याकडे यात्रा कमिटीचा अध्यक्ष सरपंच असतो तसंच, फक्त इथे आधी यात्रा आली आणि मग गाव.

तोटा एकच, ऑक्टोबरमध्ये सुद्धा टेक्सासात मखमली झगा घालून फिरणं म्हणजे स्वतःला वाफवणं. मी एकदा वेलव्हेटचा अंगरखा भाड्याने घेतला होता, दुपारी दोनला माझा उकडीचा मोदक झाला.

सोनचाफा_न्यूजर्सी (शनिवार, सकाळी ७:४८)

जोक्सचं सांगते. आम्ही टक्सिडोला जातो, न्यूयॉर्कचं फेअर, स्टर्लिंग फॉरेस्टमध्ये. बऱ्याच शोजचं वेळापत्रकातच लिहिलेलं असतं मोठ्यांसाठी आहे म्हणून, ते बघून घ्या. बाकी जे असतं ते द्व्यर्थी, पोरांच्या डोक्यावरून जातं. माझे सासरे सोबत होते तेव्हा मला पण टेन्शन आलेलं की इंग्रजी कळणार नाही, कंटाळतील, पण एका शोला सगळ्यात आधी तेच हसले. मग पुढचा अर्धा तास मी त्यांच्याकडे बघितलं नाही आणि त्यांनी माझ्याकडे नाही.

खाणं: भाजलेलं कणीस, फ्राईज, तळलेलं चीज, मॅक अँड चीज, लोणच्याची अख्खी काकडी (बॅरलमधून काढून देतात, विकणारा ओरडत फिरतो). ब्रेड पोखरून त्यात सूप देतात ते घेऊ नका विचारल्याशिवाय, चिकन स्टॉक असू शकतो. आईंसाठी घरून काहीतरी करून गाडीत ठेवा, पार्किंगमध्येच खाऊन आत जा, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत बहुतेक ठिकाणी.

इतिहासाचा_मास्तर (शनिवार, सकाळी ९:३०)

धागा वाचतोय. पुण्यातून वाचतोय त्यामुळे जायचा प्रश्न नाही, तरीही दोन शब्द.

या जत्रांचा रेनेसाँशी संबंध बेताचाच. सगळं सुरू झालं लॉस एंजेलिसला, मे १९६३ मध्ये. फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिका मुलांना घराच्या अंगणात जुनी इटालियन लोकनाट्यं शिकवायच्या, त्यातून त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने एका रेडिओ स्टेशनला निधी गोळा करायला जुन्या इंग्लिश बाजारासारखी जत्रा भरवली. म्हणजे ही अमेरिकन गोष्ट आहे, साठच्या दशकातली, साधारण आपल्या काकांच्या वयाची.

आणि तो टर्की लेग! प्रत्येक फोटोत कुणीतरी हातात ती तंगडी घेऊन उभा. टर्की हा अमेरिकेतला पक्षी. हेन्रीच्या काळात तो इंग्लंडात नुकता कुठे पोचत होता. वर लिहिलंय ते मक्याचं कणीस पण अमेरिकेतलं. फ्राईज म्हणजे बटाटा, तो पण. मध्ययुगीन म्हणून जे खाता त्यातलं निम्मं ताट कोलंबसानंतरचं आहे.

टेक्सासचा_तात्या (शनिवार, सकाळी ९:४१)

मास्तर, तुमची मिसळ पण कोलंबसानंतरचीच आहे. मिरची, टोमॅटो, बटाटा काढा आणि मग सांगा काय उरलं.

इतिहासाचा_मास्तर (शनिवार, सकाळी ९:५५)

मोड आलेली मटकी उरते. पण मुद्दा मान्य.

एक गोष्ट मात्र मी गंभीरपणे मांडतो. ज्या फेअरमध्ये पहिली एलिझाबेथ असते तिथे लोक वाकून तिला मुजरा करतात. ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली ती हिनेच. आपल्या पोरांनी तिच्यापुढे गुडघे टेकायचे हे मला पटत नाही. त्याच सुमाराला इकडे चांदबीबी अहमदनगरचा किल्ला मुघलांविरुद्ध लढवत होती, १५९५-९६. तिची जत्रा कुठे भरते?

झोपाळू_गेंडा (शनिवार, सकाळी १०:०२)

मास्तर, मेरीलँडला हेन्री आहे, त्याने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली नाही, तो बायका बदलण्यात बिझी होता. मुजरा चालेल.

सोनचाफा_न्यूजर्सी (शनिवार, सकाळी १०:२०)

माझी मुलगी सहावीत असताना टक्सिडोला राणीसमोर उभी राहून म्हणाली होती की माय पीपल वुड लाइक अ वर्ड. ती राणी जराही न गडबडता म्हणाली, मग दरबारात अर्ज करा. त्यामुळे काळजी नसावी, आपली पोरं बघून घेतायत.

गोंयकार_परदेशी (शनिवार, दुपारी १२:३३)

विषय निघालाच आहे तर माझं एक जुनं दुखणं. या फेअरमध्ये मसाल्याच्या जहाजावरचे, पूर्वेकडून आलेले असे व्यापारी पात्र म्हणून असतात, पण फादर थॉमस स्टीफन्स कुणालाच माहीत नसतो. एलिझाबेथच्या इंग्लंडात वाढलेला माणूस, १५७९ ला गोव्यात आला, परत गेलाच नाही. इथली भाषा शिकला आणि क्रिस्तपुराण लिहिलं, मराठीत, ओवीबद्ध, दहा हजारांवर ओव्या. १६१६ ला रायतूरला छापलं, लिपी मात्र रोमन. मराठीचं एवढं कौतुक कुठल्या इंग्रजाने केलं नसेल. मी एकदा विस्कॉन्सिनच्या ब्रिस्टल फेअरला (ते १५७४ सालात आहेत, राणी ब्रिस्टल शहराला भेट द्यायला आली ते वर्ष) एका दाढीवाल्या धर्मगुरूला सांगितलं की अजून पाच वर्षं थांब, तुझा एक गाववाला गोव्याला जाऊन मराठीत ओव्या लिहिणार आहे. तो इतका खूश झाला, दिवसभर दिसेल त्याला "मराठी" असं ओरडून अभिवादन करत होता.

बाल्टिमोरकर (शनिवार, दुपारी १:१०)

आणि एलिझाबेथ जन्मली १५३३ ला. एकनाथ महाराजांचं जन्मसाल पण १५३३ च सांगतात. हे मला परवा बाबांनी फोनवर सांगितलं, ते हल्ली सगळ्यांची वयं एकमेकांशी जुळवत असतात.

कोथिंबीरवडी (शनिवार, संध्याकाळी ६:५०)

तुम्ही सगळे अशक्य आहात, विचारलं काय आणि एकनाथ महाराजांपर्यंत पोचलात काय. पण ठरलं. तिकिटं काढायला नवऱ्याला सांगितलंय. पुढच्या शनिवारी.

कोथिंबीरवडी (पुढचा शनिवार, सकाळी ८:१५)

मी आत्ता रागात टाईप करतेय. पहाटे पाचला उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, आईंनी नऊवारी नेसली (त्यांचीच कल्पना, म्हणाल्या सगळे जुने कपडे घालून येणार तर मी पण), लेकीला पंख लावले, गाडीत बसलो, हायवेला लागलो आणि मी सहज फोनवर तिकीट उघडून बघितलं तर रविवार. र वि वा र. तारीख बघायचं एकच काम होतं.

गाडी परत घरी. कुणी कुणाशी बोलत नाहीये. धाकटा नवीन लाकडी तलवारीने सोफ्याला मारतोय आणि मी त्याला थांबवत नाहीये.

झोपाळू_गेंडा (पुढचा शनिवार, सकाळी ८:१९)

मी काहीच बोलत नाहीये. पण दशम्यांचं काय केलं?

कोथिंबीरवडी (पुढचा शनिवार, सकाळी ८:३१)

खाल्ल्या. उद्या परत करायच्या.

कोथिंबीरवडी (सोमवार, रात्री ९:५८)

झालं एकदाचं. वृत्तांत. मोठा आहे, सांभाळून घ्या, मोबाईलवरून लिहितेय.

रविवारी साडेनऊला पोचलो. गवताच्या शेतात पार्किंग, गाड्यांची लाइन लावणारी पोरं. डिकी उघडून दशम्या खाल्ल्या. शेजारच्या गाडीतून एक सहा फुटी माणूस उतरला, त्याने तिथेच उभ्या उभ्या जीन्सवरून चिलखत चढवलं, बायको मागून पट्टे आवळतेय, हा श्वास आत घेऊन उभा, आणि आई दशमी चावत अगदी सहज म्हणाल्या, "आपल्याकडं वासुदेव असाच एसटी स्टँडवर तयार व्हायचा."

गेटवर खऱ्या तलवारींना म्यानासकट पट्टीने बांधून टाकतात, बाहेर काढता येऊ नये म्हणून. धाकट्याच्या लाकडी तलवारीला असं काही बांधलं नाही म्हणून तो रडला, मग त्या गेटवरच्या बाईंनी केवळ त्याच्या समाधानासाठी एक रिबीन बांधली आणि फार धोकादायक शस्त्र आहे असं सांगितलं. दिवसभर त्याने ती सोडू दिली नाही.

आईंच्या नऊवारीचं काय सांगू. दर दहा पावलांवर कुणीतरी थांबून वाकतंय. एकाने टोपी काढून माय लेडी म्हटलं, दुसरीने विचारलं की हे तुम्ही स्वतः शिवलंत का. मी सांगितलं शिवलेलं नाही, नऊ वार अख्खं कापड आहे, एकही टाका नाही, तर ती बाई (तिने स्वतःचा कॉर्सेट तीन महिने हाताने शिवला होता) मागे जाऊन कासोटा बघायला लागली. आईंना आधी संकोच वाटला, मग त्यांनी तिथेच झाडाखाली निऱ्या कशा घ्यायच्या ते तिला ओढणीवर करून दाखवलं. भाषा एकीला एकीची येत नाही. मी दोघींच्या मध्ये उभी, मला कुणी काही विचारलंच नाही.

जाउस्टिंगला बाकावर आम्हाला जो सरदार मिळाला (ज्या बाजूला बसता तो तुमचा) तो हरला. लेक चिडली. पण काय ते घोडे! शेरेगर हो शेरेगर, जमीन हलते. समोरासमोर येतात आणि भाल्याचं टोक फाटकन तुटून ढलप्या उडतात, मऊ लाकडाचं असतं म्हणे मुद्दाम. बाबा म्हणाले चिलखत शंभर टक्के बरोबर नाहीये, खांद्याचा सांधा मोकळा पाहिजे. मी म्हटलं बाबा तुम्हाला काय माहीत. ते काही बोलले नाहीत.

हात दुखला. पुढचं उद्या.

इतिहासाचा_मास्तर (सोमवार, रात्री १०:२०)

छान लिहिताय. त्या ढलप्या हसण्यावारी नेऊ नका, फ्रान्सचा दुसरा हेन्री १५५९ मध्ये जाउस्टिंगमध्ये भाल्याची अशीच एक कपची डोळ्यात जाऊन मेला. आणि तुमचा आठवा हेन्री जानेवारी १५३६ मध्ये चिलखतासकट घोड्यावरून पडला, त्यानंतर तो परत कधी या खेळात उतरला नाही.

"शेरेगर" म्हणजे काय?

कोथिंबीरवडी (सोमवार, रात्री १०:२४)

ऑटोकरेक्ट. "शेकडो किलोचे" लिहायचं होतं.

टेक्सासचा_तात्या (सोमवार, रात्री १०:४०)

टर्की लेग कुणी खाल्ली का ते सांगा आधी.

कोथिंबीरवडी (मंगळवार, रात्री ९:३०)

नवऱ्याने. आत गुलाबी निघाली म्हणून कच्ची आहे असं समजून परत द्यायला निघाला होता, मग कळलं की ती हॅमसारखी खारवून स्मोक केलेली असते म्हणून रंग तसा. धाकट्याने अर्धी तंगडी दोन्ही हातांनी धरून संपवली, चेहरा पूर्ण तेलकट, आई म्हणाल्या बकासुर. आईंनी कणीस खाल्लं, वर पर्समधून लिंबू-तिखट-मीठ काढलं. ते पर्समध्ये होतं हे मला माहीतच नव्हतं.

एक शो होता, एक माणूस फळीच्या भोकातून तोंड बाहेर काढून उभा असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना काहीबाही टाकून बोलतो, पैसे देऊन त्याला टोमॅटो मारायचे. (मास्तर, हो, टोमॅटो. माहितेय.) नवऱ्याच्या टकलावरून बोलला. नवऱ्याने चार मारले, चारही चुकले. आईंनी एक मारला. कपाळावर.

पाळणे सगळे हाताने ढकलायचे, मोटार नाही कुठेच. दोन दणकट पोरं जहाजाचा झोपाळा दोरीने ओढत होती, आई म्हणाल्या हे बरं, लाइट गेली तर वर लटकायला नको. पंख मात्र ४० डॉलरच्या खाली दिसले नाहीत, लेकीचे घरचेच पंख तिला दुपारपर्यंत आवडेनासे झाले, त्यावर थोडं नाटक झालं, ते मी इथे लिहीत नाही.

आता मुख्य.

साधारण एकच्या सुमाराला लक्षात आलं की बाबा नाहीत. फोन लागेना. मला घाम. नवरा एका दिशेला, मी एका. आणि मग ठण् ठण् आवाज आला आणि नवरा म्हणाला, अगं आपण मूर्ख आहोत.

सांगते. बाबा सांगलीला आयटीआयमध्ये ३१ वर्षं फिटर ट्रेडला शिकवायचे. पण त्यांचे वडील गावात लोहार होते. बाबा दहावीपर्यंत रोज शाळेआधी भाता ओढायचे, हे मला लग्न झाल्यावर १२ वर्षांनी त्या दिवशी कळलं. म्हणजे लोहार होते हे माहीत होतं, भाता ओढायचे हे नाही.

लोहाराचा मांडव होता, पुढे कमरेएवढं लाकडी कुंपण, आत भट्टी, ऐरण, मागे चामड्याचा मोठा भाता. काम करणारा माणूस पन्नाशीचा, लेदरचा अ‍ॅप्रन. कुंपणाला टेकून दहा-बारा माणसं येतात, दोन मिनिटं बघतात, जातात. बाबा तासभर हलले नव्हते. तो भिंतीत ठोकायचा हूक करत होता. सळई भट्टीतून काढली, नारिंगी होती, चार घाव घातले, परत घालायची तर तो गर्दीशी बोलत बसला, आणि बाबा इकडून मराठीत, "गार झालं, गार झालं, घाल आत." मोठ्याने. सगळे बघायला लागले. त्या माणसाने सळईकडे बघितलं, लाल पडली होती, भट्टीत घातली आणि बाबांकडे बघून मान हलवली. कळलं त्याला. शब्द नाही, पण काय म्हणाले ते कळलं.

मग त्याने बाबांना विचारलं, मी मध्ये दुभाषी. बाबांनी सांगितलं की आमच्याकडे दोन माणसं लागतात, एक लहान हातोडीवाला, तो मालक, आणि एक घण मारणारा. मालक बोलत नाही. हातोडीने जिथे टिचकी मारेल तिथेच घण पडला पाहिजे. आणि हातोडी आडवी ऐरणीवर आपटली की थांबायचं. हे मला इंग्रजीत सांगता येईना तर बाबांनी कुंपणाच्या फळीवर बोटाच्या पेराने वाजवून दाखवलं, टिक, मग मूठ धप्, टिक, धप्, टिक टिक, आणि मग आडवा तळहात. तो माणूस जोरात म्हणाला, स्ट्रायकर! आमच्यात पण हेच! आणि त्याने ऐरणीवर तेच वाजवलं. पुढची पाच मिनिटं तो हातोडीने ऐरणीवर टिक करतोय आणि बाबा फळीवर मुठीने धप्. गर्दीला वाटलं शो आहे, टाळ्या वाजवल्या.

बाबांनी विचारलं मी दोन घाव घालू का. तो म्हणाला माझी तर फार इच्छा आहे पण इन्शुरन्स. बाबांनी मला विचारलं काय म्हणतोय, मी म्हटलं विमा. बाबा म्हणाले, बरोबर आहे, आयटीआयमध्ये मी पण कुणाला आत घेत नसे.

त्याने त्या हूकला मधे पीळ दिला, टोक गोल वळवलं, पाण्यात बुडवला, चुर्र झालं आणि पुसून समोर धरला. २० डॉलर. आता बाबा म्हणजे कॉफीचं बिल रुपयात गुणून कप परत ठेवणारे. खिशातून पाकीट काढलं, वीसची नोट दिली, एक शब्द नाही. आई तेवढ्यात आल्या होत्या. त्यांनी गुणाकार केला. मोठ्याने केला. बाबा म्हणाले, "मजुरी हाय ती."

परत येताना गाडीत बाबा हूक हातात धरून बसले होते, पीळ मोजत होते. एकदा म्हणाले की शेवटच्या वेढ्याला घाई केली त्याने. मग बरंच मैल काही बोलले नाहीत. मी विचारलं झोप आली का, तर म्हणाले, भाता बरोबर बांधलाय, दोन पाखांचा, आमचा बकऱ्याच्या कातड्याचा होता.

सोनचाफा_न्यूजर्सी (मंगळवार, रात्री १०:०५)

टिक धप् वाचताना मी टेबलावर वाजवून बघितलं. नवरा म्हणतोय काय झालं.

गोंयकार_परदेशी (मंगळवार, रात्री १०:३१)

मजुरी हाय ती ❤️

बाल्टिमोरकर (मंगळवार, रात्री १०:४४)

आठ-नऊ वर्षं त्या लोहाराच्या मांडवावरून आम्ही कायम पुढे गेलोय, पोरांना घोडे बघायचे असतात म्हणून. पुढच्या वेळी थांबतो. आणि बाबांना विचारा चिलखताच्या खांद्याचं काय म्हणत होते ते, मला खरंच जाणून घ्यायचंय.

कोथिंबीरवडी (मंगळवार, रात्री १०:५२)

विचारलं. ते म्हणतात रिव्हेट घट्ट बसवलाय, थोडा सैल ठेवला असता तर हात वर गेला असता. आता ते मला कागदावर काढून दाखवतायत. जेवण थांबलंय.

झोपाळू_गेंडा (मंगळवार, रात्री ११:१०)

टवाळी न करता विचारतो. हूक विमानात कसा नेणार? हँडबॅगेत घालू नका, सिक्युरिटीवाला बघेल आणि बाबा त्याला पीळ समजावून सांगतील.

कोथिंबीरवडी (बुधवार, सकाळी ७:२०)

नेणार नाहीत. काल रात्री साडेअकराला इथेच किचनमध्ये ठोकला. नवरा गराजमध्ये स्टड फाइंडर (भिंतीच्या आतलं लाकूड शोधायचं यंत्र) शोधत होता, बाबांनी तोवर भिंतीवर पेराने ठोकत ठोकत पोकळ कुठे आणि लाकूड कुठे ते काढलं, पेन्सिलने फुली मारली आणि दोन घावात आत. नवरा फाइंडर घेऊन आला तेव्हा त्याने तपासून बघितलं, फुली बरोबर मधोमध होती.

टेक्सासचा_तात्या (बुधवार, सकाळी ७:४५)

काय टांगलंय त्यावर?

कोथिंबीरवडी (बुधवार, सकाळी ८:०२)

सध्या चहाचं गाळणं. धाकट्याला तलवार टांगायची आहे, रिबिनीसकट. वाद चालू आहे.